जर हिरीत पानी असंल तर

आमच्या खडकदऱ्यात कंपूटर काय आला न्हाई, पर कंपूटरचं खूळ मातुर लई लवकर आलं. बहात्तर साल. गावात विजेचा खांब नव्हता, यष्टी फाट्यावर थांबायची, आन् आमच्या शाळंत पोरं कंपूटर शिकत हुती. आता कुनी मला सांगाया आलं की आमच्या नातवानं पुन्यात कंपूटरचा कोर्स केला, तर मी म्हनते, बाबा, त्यात काय मोठं? माझ्या भीमानं चौथीत केलाय. शेनानं सारवलेल्या भुईवर बसून केलाय. त्याच्यापायी माझी पायलीभर जवारी शेळीच्या पोटात गेली, ती येगळीच गोष्ट.

हे खूळ आनलं कानिफनाथ गुरुजींनी. मानूस गोदाकाठचा, पुनतांब्याचा. ल्हानपनापास्नं नदीत डुंबलेला. त्याची बदली जामखेडच्या ह्या कोरड्या अंगाला कुनी केली ते देवालाच ठावं. मानूस भला, पर डोस्क्यात कायम कायतरी घोळत आसायचं. मे महिन्याच्या सुट्टीत मास्तर लोकांचं शिबिर पुन्याला भरलं, तिथं गेले आन् यंत्र बघून आले. पारावर बसून सांगाया लागले, "खोलीएवढं यंत्र आहे. दिवसभराचा हिशोब बघता बघता करून मोकळं होतं. त्याला उकडू नये म्हणून खोलीत गार वारा सोडलेला असतो."

"यंत्राला वारा?" आमचे सरपंच सहादेवअन्ना म्हनले. "आन् त्ये खातंपितं काय?"

"हुकूम खातं. सांगाल तेवढंच करतं. पण नेमकं सांगावं लागतं, पायरी पायरीनं. स्वतःचं डोकं ते वापरत नाही."

"मंग आमच्या घरात एक हाय तसलं," मी म्हनलं. समदा पार हसला. माझा घरवाला तिथंच तंबाखू मळत बसला हुता, त्योबी हसला.

गुरुजींचं म्हननं आसं, की आज ना उद्या ही यंत्रं गावोगाव येनार, तवा त्यांना हुकूम कसा द्यायचा हे पोरांना आत्तापास्नंच यायला पायजे. आता यंत्र तर न्हाई. मंग त्यांनी पोरांतलंच एक यंत्र केलं. गनीभाई पिंजाऱ्याची हसीना. पोरगी काटकुळी, डोळे टपोरे, आन् हट्टी आसली की एकदा मनावर घेतलं तर बैलजोडी लावून वढली तरी हलायची न्हाई. तिच्या डोक्यावर दुरडी पालथी घातली की झाली ती यंत्र. बाकीच्यांनी हुकूम द्यायचे. त्या हुकुमांच्या वळीला गुरुजी 'हुकूमपट्टी' म्हनायचे.

एक दिवस मी शाळंच्या कुंपनाकडनं चालले हुते, तर बघत उभी ऱ्हायले. छगन म्हनून एक पोरगं हुकूम देत हुतं. "मशीन, पानी पी." हसीना ढिम्म. गुरुजी म्हनले, "पिणं म्हणजे काय ते तिला माहीत नाही. पायरी पायरीनं सांग." मंग छगन म्हनला, माठाकडं चाल. ती चालली. तांब्या बुडव. बुडवला. तोंडाला लाव. लावला. वाकडा कर. केला, आन् समदं पानी गळ्यावरनं परकरावर! तोंड उघड म्हनायचं छगन्या इसरला हुता. पोरं लोळून लोळून हसली. हसीना मातुर हसली न्हाई. डोक्यावर दुरडी हाय तवर तिला हसायचा हुकूम नव्हता.

मंग पुढं 'जर' आन् 'तर' आलं. जर पाऊस आसंल तर घरात बस, नसंल तर अंगनात बस. त्याच्याबी पुढं 'जोवर' आलं. जोवर दगड दिसत्यात तोवर येचत ऱ्हा. ह्या 'जोवर'नं शाळंचं अंगन साफ झालं, ते काय मी खोटं म्हननार न्हाई. पर घरात ह्या शिक्षनानं उच्छाद मांडला. एक दिवस मी जवारी वाळत घातली, भीमाला म्हनलं, शेळीकडं बघ, मी वड्यावरनं येते. येऊन बघते तर शेळीनं जवारीचा फडशा पाडलेला आन् आमचं ध्यान गुडघ्याला मिठी घालून तिच्याकडं टकामका बघतंय.

"मुडद्या, हाकलाया काय झालं हुतं?"

"हाकल म्हनली नव्हतीस, आये. बघ म्हनली हुतीस."

त्याला दोन धपाटे घातले आन् तशीच तरातरा शाळंत गेले. गुरुजींनी समदं ऐकून घेतलं आन् म्हनले, "मालनबाई, चूक शेळीची नाही, मुलाचीही नाही. तुमचा हुकूम अर्धवट होता. शेळीनं तोंड लावलं तर हाकल, ही पायरी राहिली."

"आवो गुरुजी, आई लेकराला बोलती का हुकूम सोडती? आजवर आमची पोरं अर्ध्या शब्दावर कामं करीत हुती. तुमी त्यांना पुरा शब्द सांगायला लावलं, आन् आता आमची जीभ दुखून आली!"

गुरुजी हसले. मला लई राग आला हुता, पर त्या मानसाशी भांडायची सोयच नव्हती. भांडन बी त्यो फळ्यावर लिवून दाखवायचा.

त्या साली मंग पावसानं तोंडच दावलं न्हाई. आदल्या साली बी नीट नव्हता. व्हळीच्या आत गावची हीर आटली. गडीमानसं, बाया, समदी पाझर तलावाच्या कामावर दगड-माती वाहाया जायची आन् सांजच्याला वड्याच्या वाळूत झिरा खांदून वाटी वाटीनं पानी भरायची. एक हंडा भरायला दिवस मावळायचा. आन् त्यातच माझी बनू पयल्या बाळंतपनाला म्हायेरी आली. चैतात मुलगी झाली. बाळंतपन म्हंजी नुसतं पानीच वो. बाळंतिनीला आंघुळ, लेकराला आंघुळ, लंगुट्या, शेक, काढा. मी माझ्या बनूला वाटीभर पान्यात फडकं बुडवून पुसत हुते. लेकराच्या अंगाला पुरळ उठलं. बनू काय म्हनायची न्हाई, पर तिच्या सासरची मानसं बघाया येनार हुती, आन् मला वाटायचं, पोरीनं म्हायेरात येऊन काय बघितलं, तर कोरडा रांजन. माझा जीव तुटायचा.

आशात तालुक्यास्नं टँकर आला. ड्रायव्हरनं हिरीत पाइप सोडला आन् पानी धबाधबा पडाया लागलं. त्यो आवाज ऐकाया म्हातारी मानसं काठी टेकत आली. त्या दिवशी माझ्या नातीनं पयल्यांदा घंगाळातली आंघुळ केली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचा कारकून आला. हिरीत वाकून म्हनला, "पाणी तर आहे."

"आवो, त्ये कालच्या टँकरचं हाय," आमी म्हनलं.

"कुठलं का असेना. नियम असा आहे, विहिरीत पाणी असेल तर टँकर नाही. नसेल तर टँकर." सहादेवअन्नांनी त्याला वाड्यावर नेलं, गूळपानी दिलं, वर च्या पाजला. कारकून खुशीत गेला आन् टँकर बंद झाला.

हीर आटली. अन्नांनी जामखेडला हेलपाटे घातले. टँकर आला. कारकून आला. हिरीत पानी हाय. टँकर बंद. परत तेच. मी कारकुनाच्या तोंडावर जे बोलले ते इथं सांगन्यासारखं न्हाई.

गुरुजींनी काय करावं? त्यांनी ह्याचा खेळ केला. अंगनात खड्डा म्हंजी हीर, छगन्या म्हंजी टँकर, आन् दुरडीवाली हसीना म्हंजी तालुक्याची कचेरी. हिरीत पानी हाय का? न्हाई. टँकर धाड. हिरीत पानी हाय का? हाय. टँकर बंद. पोरं घामाघूम झाली, पर खेळ काय सपंना. शेवटाला हसीनानं दुरडी काढली. "गुरुजी, ही पट्टी बिघडल्याली हाय. टँकर आला म्हनूनच टँकर बंद पडतोय."

गुरुजींच्या तोंडावर असा काय आनंद पसरला, जनू त्यांना पानीच मिळालं. "शाब्बास! बघा मालनबाई, चौथीतल्या मुलीला चूक सापडली!"

"सापडली ना? मंग आता ती चूक घंगाळात वता आन् माझ्या नातीला न्हाऊ घाला," मी म्हनलं. त्यांचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, पर बोललेला शब्द मागं घ्यायची मला सवय न्हाई.

आमी सारखे अर्ज धाडत ऱ्हायलो, तसं कचेरीत कायतरी हललं. निरोप आला की मोठे साहेब जातीनं येनार. हे गाव सारखं टँकर मागतंय, आमचा मानूस गेला की पानी दिसतंय, वर गूळपानीबी मिळतंय, हा काय परकार हाय ते साहेब आता गाव हिंडून बघनार. गावात कुठंबी पानी दिसलं की टँकर कायमचा बंद.

तवा गुरुजी पारावर उभे ऱ्हायले. "यावेळी गावानं हुकूमपट्टीनं चालायचं. साहेब आले की नमस्कार. घोंगडीवर बसवायचं. विहीर दाखवायची. पाणी कुणी द्यायचं नाही. मागितलं तरी नाही."

सहादेवअन्नांनी पटका काढून मांडीवर ठिवला. "गुरुजी, दारी आलेल्या वैऱ्यालाबी पान्याशिवाय धाडलं न्हाई आमच्या बापजाद्यांनी. उन्हातान्हातनं आलेला मानूस, आन् त्याला तांब्या द्यायचा न्हाई?"

"अण्णा, त्या तांब्यानंच टँकर बंद पाडलाय."

मंग तालीम झाली. गुरुजी साहेब झाले, डोक्याला टोपी घालून आले, "रामराम" म्हनले. अन्नांनी लगोलग घराकडं तोंड करून हाळी दिली, "आगं, पानी आन!" परत पयल्यापास्नं. रामराम. "आगं, पानी..." अन्नांनी आपल्याच हातानं आपलं तोंड दाबलं, तवर तिकडनं त्यांची बायकू भागूबाई तांब्या घिऊन हजर. परत पयल्यापास्नं. ह्या बारीला अन्ना गप बसले, तर माझंच तोंड उघडलं, "बसा, पानी देते." आता मला काय साहेबाचा पुळका हुता? न्हाई. पर दारात मानूस आला की हात आपोआप तांब्याकडं जातो, त्याला कोन काय करनार? गुरुजींनी कपाळाला हात लावला. "तुमच्या सगळ्यांच्या आत एक पट्टी आधीच भरलेली आहे, आणि तिच्यात 'जर' नाही," म्हनले. शेवटाला ठरलं, साहेबांशी बोलंल ती फकस्त हसीना. दुरडी घालून. बाकी गावानं तोंडाला कुलूप लावायचं.

"माझी पोरगी तुमी खरंच यंत्र केली, गुरुजी," गनीभाई म्हनले. "घरात बी पानी मागितलं की ईचारती, कुठलं, किती, कशात?"

साहेब यायच्या दिवशी घराघरातलं पानी दडवलं गेलं. कुनी कनगीत ठिवलं, कुनी कडब्याखाली. माझी एक घागर बनूच्या बाजंखाली हुती, वर गोधडी. बनूच्या सासरची मानसं दुसऱ्या दिवशी येनार हुती, त्यासाठी मी ती तीन सांजा झिऱ्यावर बसून भरली हुती. सकाळी मी भीमाला बजावलं, आज शानपना करायचा न्हाई, अन्ना सांगतील तसं करायचं.

जीप आली ती भर दुपारची. साहेब उतरले. मी म्हनत हुते, कोन राकीस येतोय, तर किडकिडीत मानूस, चष्मा, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, व्हटाला पापुद्रे आलेले. तालुक्यास्नं धूळ खात आलेला. अरं देवा, त्यो जाडाजुडा, उर्मट आसता तर किती बरं झालं आसतं!

"साहेब, नमस्कार. बसा," हसीना म्हनली. साहेब दुरडीकडं बघतच ऱ्हायले.

"बाळ, हे काय आहे डोक्यावर?"

हसीना ढिम्म. त्याचा हुकूम न्हाई. साहेब बसले, चष्मा पुसला आन् म्हनले, "आधी जरा पाणी दे बघू."

अन्नांनी उपरन्याचा बोळा तोंडात घातला. हसीना म्हनली, "चला साहेब," आन् पुढं चालाया लागली. जर साहेबांनी पानी मागितलं तर हिरीवर न्ये, अशी पायरी हुती. हिरीवर तिनं पोहरा सोडला, वढून वर घेतला आन् साहेबांपुढं धरला. आत काळा चिखल, त्यात एक मेलेलं बेडूक. "घ्या, साहेब."

साहेबांनी पोहऱ्यात बघितलं, हिरीत बघितलं, मंग आमच्याकडं बघितलं. पेन काढलं आन् तिथंच उभ्या उभ्या लिवलं, गावात पाणी नाही. गुरुजींनी डोळं मिटलं. मला वाटलं, आत्ताच पळत जाऊन बनूला सांगावं.

पट्टीची शेवटची पायरी हुती, साहेबांनी लिवलं की थांब. हसीनानं दुरडी काढून काखंत मारली. झालं हुतं आमचं काम. साहेब जीपकडं गेले, ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं तर फुसकन वाफ आली. "साहेब, रेडिएटर कोरडा ठनठनीत. पान्याशिवाय गाडी हलनार न्हाई."

साहेब हसले. कोरडंच हसले. "म्हणजे आता मीसुद्धा खडकदऱ्याचाच झालो," म्हनले आन् जीपच्या सावलीला मातीतच बसले. डोकं गुडघ्यावर टेकलं.

आन् तिथं सहादेवअन्नांचा बांध फुटला. "आरं, लिवलं ना त्यांनी! आता तरी मानसं हुया! आना रे पानी!"

बगा, पुढचं काय इचारायलाच नको. जी ती बाई घराकडं पळाली. कनगीतनं, कडब्याखालनं हंडं निघालं, कळशा निघाल्या. समद्यांच्या पुढं कोन? गुरुजी! ज्यानं पट्टी रचली, त्योच शाळंचा माठ पोटाशी धरून धावत आला. आन् माझं ध्यान? अन्ना म्हनले आना, भीमानं बनूच्या बाजंखालची घागर उचलून आनली. मी मागनं वरडत पळतेय, "मेल्या, आपली न्हाई, आपली न्हाई!" पर अन्ना सांगतील तसं कर, असं मीच म्हनले हुते.

साहेब तांब्याभर पानी घटाघटा प्याले. तोंडावर मारलं. मंग डोळं उघडलं आन् समोर बघितलं, तर जीपपुढं हंड्या-कळशांची रांग. गाव कौतुकानं बघतंय, साहेबांची तहान भागली म्हनून. साहेबांचं तोंड आसं पडलं, की मला वाटलं पान्यात कायतरी हुतं. त्यांनी सावकाश पेन काढलं आन् मगाशी लिवलेलं खोडलं.

"साहेब!" गुरुजी म्हनले.

"मास्तर, मी आत्ता पाणी प्यालो. पाणी प्यालेल्या तोंडानं गावात पाणी नाही असं कसं लिहू? खोटं लिहायला माझा हात धजत नाही."

"साहेब, लेकराबाळांच्या तोंडचं हाय ते," अन्ना रडकुंडीला आले हुते.

"कळतंय मला, सरपंच. पण पाणी असेल तर टँकर नाही, नसेल तर टँकर. हे मी ठरवलेलं नाही. मला वरून आलंय."

आसा परामानिक मानूस आमच्या नशिबी आला. लाच खानारा आसता तर वर्गनी काढली आसती. आमी समदी अन्नांकडं बघत हुतो, अन्ना मातीकडं. तवर हसीनानं काखंतली दुरडी काढली आन् डोक्यावर घातली.

पयली कळशी तिनं रेडिएटरात वतली. दुसरी बी वतली. रेडिएटर भरून वाहाया लागला, ड्रायव्हर म्हनला, बास. ती थांबली न्हाई. तिनं हंडा आडवा केला आन् पानी भुईवर सोडलं. तापलेल्या मातीतनं चर्र आवाज झाला. बायांनी किंकाळ्या मारल्या. भागूबाई छाती बडवाया लागली. गनीभाई हात उगारून धावले, "हसीना! डोकं फिरलं का तुझं!"

"अगं मुली, थांब!" साहेब वरडले.

"थांबायचा हुकूम फकस्त गुरुजींचा," हसीना म्हनली आन् शाळंचा माठ उचलला.

समद्यांनी गुरुजींकडं बघितलं. एक शब्द म्हनायचा हुता. त्यांना कळलं हुतं, पोरगी कुठली पट्टी चालवतीय ते. जोवर पानी हाय, तोवर वत. त्यांच्या डोळ्यांतनं पानी वाहात हुतं, पर थांब काय ते म्हनले न्हाईत. गनीभाईचा हात तसाच वर ऱ्हायला.

हंडा, कळशी, घागर, तांब्या, एकामागनं एक. शेवटाला ती माझ्यापुढं आली. मी घागरीवर आडवी पडले हुते.

"न्हाई द्यायची," मी म्हनलं. "माझी लेक बाळंतीन हाय. व्हायचं ते हू दे. येवढी एकच हाय."

पोरगी वाकली. दुरडीखालनं डोळं दिसलं, भरून आलेलं. पर आवाज तसाच, सपाट. "मालनमावशी, थोडं ऱ्हायलं तरी 'हाय' हुतंय."

मला काय कंपूटर कळत न्हाई. पर हे कळलं. थोडं म्हंजी हाय, आन् हाय म्हंजी बंद. मी उठले. तिला म्हनलं, सर बाजूला, आन् माझ्या हातानं, माझ्या बनूचं पानी मातीत वतलं. पानी खाली जाईस्तवर मी साहेबांकडं बघत हुते. त्येंनी बघावं म्हनूनच बघत हुते.

"आता गावात पानी न्हाई, साहेब," हसीना म्हनली. "लिवा."

साहेबांच्या बुटाला चिखल लागला हुता. त्यांनी पेन काढून लिवलं. मंग कुनाकडं न बघता जीपमंदी बसले. गाडी पयल्या फटक्यात सुरू झाली. का न्हाई व्हनार, गावचं पानी प्याली हुती.

सांजच्याला मी बनूच्या उशाशी बसले हुते. तिला सांगायला माझ्याकडं तोंड नव्हतं. तवा हसीनाची आई, मुबारकबी, पदराआड कायतरी घिऊन आली. चरवी हुती. गळ्यापातुर भरलेली.

"आगं बाई! हे कुठलं?"

"पिंजलेल्या कापसाच्या ढिगात ठिवली हुती," ती म्हनली. "मी काय जीपपुढं न्हेली न्हाई."

"म्हंजी साहेबांचं लिवनं खोटंच झालं की गं!"

"खोटं कसं? मशीनला कुठं कुनी सांगितलं हुतं, कापसात बघ म्हनून?" आन् आमी दोघी तोंडाला पदर लावून हसलो. हसता हसता मला रडू फुटलं. त्या पान्यानं मी बनूचं आन् लेकराचं अंग पुसलं.

टँकर आला, दुसऱ्याच दिवशी. साहेब शब्दाचा पक्का. ड्रायव्हर पाइप घिऊन हिरीकडं निघाला, तशी हसीना आडवी झाली. "हिरीत नको वतू, मामा. हंड्यातच दे."

"हुकूम हिरीत वतायचा हाय," त्यो म्हनला आन् वतलं. ह्याला शाळंत जायचीबी गरज नव्हती.

पानी पडल्याचा आवाज झाला, पर ह्या बारीला कुनी हरखलं न्हाई. आमी समद्या हसीनाकडं बघितलं, हसीनानं गुरुजींकडं. कारकून सकाळी येनार. गुरुजींनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आन् पयला पोहरा त्यांनीच हिरीत सोडला. गोदाकाठचा मानूस, त्याला पोहरा वढायची सवय कुठली, हाताला फोड आले. गनीभाई आले, अन्ना आले, बाया लागल्या, पोरं लागली. हंडं भरलं, कळशा भरल्या, घंगाळं, परात, पोरांच्या दुधाच्या वाट्यासुदिक भरल्या. समदं उचलून घरात, कनगीत, कडब्याखाली. आन् पिंजाऱ्याच्या कापसात तर आता निम्म्या गावाचं पानी हुतं.

बनूच्या सासरची मानसं त्याच टायमाला फाट्यावरनं चालत आली. ईहीनबाई हिरीपाशी थबकल्या. काठाला आख्खं गाव दाटी करून उभं. हसीना वाकून आत पोहरा सोडतीय. पोहरा तळाला खडखडला. तिनं वर वढला, आत बघितलं.

"न्हाई!" ती वरडली.

आन् आख्ख्या गावानं टाळ्या पिटल्या. अन्नांनी पटका हवेत उडवला. गुरुजी पोरांसंगट नाचले. मीबी टाळ्या वाजवीत हुते, माझ्या डोळ्यांतनं पानी वाहात हुतं.

"ईहीनबाई, झालं तरी काय?" माझ्या ईहीनीनं घाबरून इचारलं.

"काय न्हाई वो," मी म्हनलं. "हीर आटली."

मंग मी त्यांना घरी न्हेलं. दारात आल्यावर माझा हात तांब्याकडं गेला. मी आधी वाटंकडं बघितलं, जीपची धूळ दिसती का. दिसली न्हाई. मंग दिलं पानी.